एकच पद, अनेक गळे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज संध्याकाळच्या कार्यक्रमात आपल्या शाळेच्या वेगवेगळ्या बॅचचे विद्यार्थी पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी नाटकांसाठी बांधलेली पदं गाणार आहेत. कुणी पेटी-तबल्यावर, कुणी गिटारवर. यावरून समितीच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. आमच्या पिढीतल्या काही मित्रांचं म्हणणं असं, की गायचं तर मूळ होतं तसंच गा, नाहीतर हात लावू नका. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण हे 'मूळ' म्हणजे नेमकं काय, यावर थोडं बोलायची परवानगी मागतो.

आपण वाशिंदकर. नाटक बघायचं तर कल्याण-ठाण्याला जायचं आणि अर्धं लक्ष शेवटच्या कसारा गाडीकडे ठेवायचं. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना अभिषेकीबुवा भेटले ते रेडिओवर आणि पुढे कॅसेटवर. काही मिनिटांचं ते ध्वनिमुद्रण म्हणजेच मूळ गाणं, असं आपल्या कानांनी ठरवून टाकलं. रंगमंचावर मात्र तेच पद प्रयोगागणिक फुलायचं. वसंतराव देशपांडे तर कालचं गाणं आज तसंच गाणारे गवई नव्हेतच.

आणि बुवांनी तरी परंपरा जशीच्या तशी कुठे ठेवली? 1929 साली गोव्यातल्या मंगेशीला जन्म, घरात कीर्तन, पुढे जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ यांच्यासारख्यांची तालीम. 1964 साली 'मत्स्यगंधा'चं संगीत त्यांच्याकडे आलं. जुन्या संगीत नाटकात पदांची रेलचेल असे आणि 'वन्स मोअर'मध्ये रात्र सरे. बुवांनी पद आटोपशीर केलं, प्रसंगाला जुळवलं आणि गाणाऱ्याचा गळा ओळखून चाल बांधली. त्यांना आवडलेल्या जुन्या गाण्यांची त्यांनी नक्कल केली असती, तर आज आपण त्यांचं नाव घेतलं नसतं.

'कट्यार काळजात घुसली' आठवा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक डिसेंबर 1967 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातलं 'घेई छंद मकरंद' हे पद बुवांनी दोन वेगळ्या चालींत बांधलं. शब्द तेच, पण घराणी दोन. एक चाल प्रसाद सावकारांच्या गळ्यातून ऐकली, दुसरी वसंतरावांच्या. आता मला सांगा, यातलं मूळ कोणतं? एकाच पदाची दोन रूपं शेजारी ठेवून बुवांनीच या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय.

नाटकाची गोष्टही हीच आहे. आपली गायकी घराबाहेर जाऊ नये म्हणून खाँसाहेब ती जपतात, त्यांच्या हाती कट्यारही आहे. तरी सदाशिव ती लपूनछपून शिकतो. घराण्याच्या भिंती उंच ठेवायच्या की गाणं पुढे जाऊ द्यायचं, हा पेच खाँसाहेबांपुढे होता. समितीच्या बैठकीत तोच आपल्यापुढे आला, फक्त कट्यार तेवढी नव्हती!

2015 साली सुबोध भावे यांनी याच नाटकावर चित्रपट केला. बुवांच्या चाली ठेवल्या आणि शेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. त्यात गायले राहुल देशपांडे आणि महेश काळे. वसंतराव 1983 साली गेले, तेव्हा त्यांचे हे नातू चार वर्षांचेही नव्हते. आजोबांचं गाणं त्यांना मुख्यतः ध्वनिमुद्रणांतूनच गाठावं लागलं. महेश काळे अभिषेकीबुवांसमोर बसून शिकले, आता ते अमेरिकेत मुलांना शिकवतात. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण हुबेहूब नक्कल दोघांनीही केली नाही. महेश काळे यांना या चित्रपटातल्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि एरवी नाट्यसंगीताच्या वाटेला न जाणारी मुलं ही पदं गुणगुणू लागली.

म्हणून काहीही केलं तरी चालेल, असं मात्र मी म्हणत नाही. सदाशिवनेही आधी कान दिला होता. माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, पद कुणाच्या तोंडी आहे, कोणत्या प्रसंगातलं आहे, हे आधी जाणून घ्या. शब्द चघळू नका, अर्थ सांडू नका. जुनं ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐका. मग गिटार घ्या नाहीतर आणखी काही घ्या, आमची ना नाही.

आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, या सभागृहात नजर फिरवा. ही पदं पाठ असणारे आपण किती उरलो आहोत? आपल्यामागे ती कपाटातल्या कॅसेटमध्ये राहावीत, की या मुलांच्या गळ्यात? कॅसेटला बुरशी लागते हो. गळा पुढच्या गळ्याला देऊन जातो.

माझी एक सूचना आहे. दर मेळाव्याला प्रत्येक बॅचने एक पद बसवावं, ते मोबाइलवर का होईना ध्वनिमुद्रित करावं आणि शाळेच्या वाचनालयात जमा करावं. एकाच पदाची दहा रूपं जमली तरी जमू द्या. मूळ कोणतं, हे पुढची मुलं ऐकून ठरवतील.