घशाचं वय, हाताचं वय

(नवी मुंबईतल्या एका वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आयोजक मला म्हणाले, "बाई, यंदा संतसाहित्य झालं, मधुमेह झाला, म्युच्युअल फंड झाला. आता आजी-आजोबांच्या कामाचं काहीतरी बोला." मी म्हटलं, "गुडघेदुखीवर बोलू?" ते म्हणाले, "छे, नातवंडांच्या खेळण्यांवर." पुढे बराच वेळ ही बालवाडीची बाईच बोलणार आहे, तेव्हा चूक कबूल करून सुरुवात करते.

नातू दोन वर्षांचा होता. वाढदिवसासाठी मी एक मोटार पसंत केली. दुकानदारानं डबा फिरवून दाखवला, "आजी, यावर तीन वर्षांच्या पुढे असं लिहिलंय." मी काय म्हणाले असेन? "असू दे हो, आमचा हुशार आहे." चार दिवसांनी त्याच मोटारीचं इवलंसं चाक मी त्याच्या गालाच्या आतून बोट घालून काढलं. त्या दिवशी मला कळलं ते सांगायलाच मी आज आले आहे. डब्यावर जे वय लिहिलेलं असतं, ते बुद्धीचं नसतं. ते घशाचं असतं.

मुलाचं वय आपण एका आकड्यात मोजतो. पण त्याच्या घशाचं वय वेगळं, हाताचं वेगळं, पाठीचं वेगळं. दुकानात आपण डोक्याचं वय विचारतो आणि फसतो.

घशापासून सुरू करू. तान्ह्या मुलाचं तोंड हाच त्याचा पहिला हात. वस्तू खडबडीत आहे की गुळगुळीत, गार आहे की कोमट, हे ते जिभेनं तपासतं. त्याला रागावून उपयोग नाही. त्याची श्वासनळी असते साधारण त्याच्याच करंगळीएवढी. दाढा उशिरा येतात, त्यामुळे कडक वस्तू बारीक चावता येत नाही. म्हणून खेळण्यांच्या मानकात एक छोटं नळकांडं सांगितलं आहे, तिरप्या तळाचं, 31.7 मिलिमीटर व्यासाचं. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. आपलं दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं, म्हणजे हे नळकांडं त्याहून थोडंसंच रुंद. घरात टिश्यू पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी असेल, तर ती साधारण चार सेंटीमीटरची असते. तिच्यातून जे खाली पडतं, ते बाळाच्या हाती द्यायचं नाही. एवढा सोपा हिशेब.

आता आपल्या घरातल्या एका सोहळ्याकडे पाहू. संक्रांतीनंतर आपण बोरनहाण घालतो. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि बाळाच्या डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, हलवा, गोळ्या यांचा पाऊस. खाली बसलेलं वर्षाचं पोर काय करतं? वेचून तोंडात घालतं. बोराची बी आणि शेंगदाणा, दोन्ही त्या नळीतून आरामात जातात. लहान मुलांच्या श्वासनळीतून डॉक्टरांना जे काढावं लागतं, त्यात आपल्या देशात शेंगदाणा फार वेळा असतो. बोरनहाण बंद करा असं मी म्हणत नाही. चुरमुरे घ्या, फुलांच्या पाकळ्या घ्या, आणि बोरं वेचायला मोठ्या भावंडांना बसवा. हौस तीच राहते, घसा वाचतो.

घशाचे आणखी तीन शत्रू सांगते, कारण ते खेळणं म्हणून येत नाहीत. पहिला, गोल चपटा सेल. रिमोटात, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, चमकणाऱ्या बुटात असतो. अन्ननलिकेत अडकला की दोन तासांत आतून भाजू लागतो. तेव्हा उलटी होईल म्हणून वाट पाहायची नाही, थेट इस्पितळ. दुसरा, छोटे लोहचुंबक. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पाडतात. तिसरा, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. फुलदाणीसाठी आणलेले हे मणी पोटात गेल्यावरही फुगतच राहतात. सिग्नलला मिळणारा न फुगवलेला फुगाही याच यादीत घाला.

आणि घास अडकलाच तर? वर्षाच्या आतलं बाळ पालथं, डोकं खाली करून हातावर घ्यायचं, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब. दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. माझ्या नातवाचं चाक मला दिसत होतं, ते माझं नशीब. दुसऱ्यानं तोवर 108 ला फोन करायचा. हे एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, भाषणातून येत नाही.

आता तुमच्या आमच्या दाराशी येऊ. देशात आयात होणारी खेळणी कंटेनरमधून उतरतात ती मोठ्या प्रमाणात इथे, न्हावा शेव्याला. 2019 साली भारतीय गुणवत्ता परिषदेनं बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने नापास झाले. 2020 च्या फेब्रुवारीत आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, पुढे 2023 मध्ये 70 झालं. आणि 1 जानेवारी 2021 पासून, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यावर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं झालं, मग ते इथलं असो की बाहेरचं.

हे चिन्ह वाचायचं कसं? चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्याला आयएस 9873, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्याला आयएस 15644. खाली सीएम/एल अशी अक्षरं आणि परवान्याचा आकडा. तो आकडा बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे की नाही, हे तिथल्या तिथे दिसतं. परवा मी नातीला घेऊन दुकानात उभी राहून हे केलं. दुकानदार आधी हसला, मग त्यानंच दुसरा डबा काढून दिला.

एक अपवाद लक्षात ठेवा. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं तुमच्या घरी असतील. हलक्या पांगाऱ्याचं केळं, सीताफळ, फणसाचा गरा. चिन्ह नाही म्हणून ती वाईट ठरत नाहीत. पण रंगाकडे बघा. रंगातलं शिसं मेंदूच्या वाढीला घातक असतं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, ठरली आहे. ओल्या पांढऱ्या फडक्यानं फळ घासा. रंग उतरला तर ते शोभेच्या कपाटात, आणि चोखणाऱ्या बाळाला बिनरंगी लाकूड.

घसा झाला. आता हात. सहा महिन्यांच्या मुलाची मूठ सगळी एकदम मिटते, म्हणून त्याला खुळखुळा. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनी एकत्र येतात, आणि घरातली प्रत्येक पडलेली साबुदाण्याची कणी त्याला सापडू लागते. वर्षाचं झालं की घालणं आणि काढणं. त्यासाठी दुकानात जाऊ नका, स्वयंपाकघरातला एक खालचा खण त्याला द्या. स्टीलच्या वाट्या, झाकणं, लाकडी डाव. तिसऱ्या वर्षी भातुकली, कारण आता वाटीत काही नसलं तरी त्याला खीर दिसते. पाचाला सापशिडी, कारण आता हरणं सोसायला शिकायचं असतं. आठाला सागरगोटे, पत्ते, बुद्धिबळ.

आणि पाय? आपल्याकडे पांगुळगाडा होता, तीन चाकांचा, लाकडी. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. पडलं तर बसकण मारतं. आता मिळतो तो वॉकर. त्यात मूल बसतं, पाय लोंबतात, चवड्यांवर रेटा देत ते सुसाट जातं, थेट जिन्यापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत. त्यानं चालणं लवकर येतं हा समजही खरा नाही. कॅनडानं 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाडा घ्या, तोही मूल स्वतः उभं राहू लागल्यावर.

थोडं रोजच्या वस्तूंबद्दल. दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात तुम्ही टीव्हीवर कधी पाहिलीत? नसेल पाहिली. 1992 च्या कायद्यानं ती करायला मनाई आहे, कारण बाटली ही सोय आहे, ती आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. पावडर बाळाच्या अंगावर दिसते छान, पण तिची धूळ फुफ्फुसात जाते. काही काजळांत शिसं आढळलेलं आहे, आणि घरी धरलेलं काजळही आपल्याच बोटानं डोळ्यात जातं. दृष्ट काढायची तर मीठमोहऱ्या आहेत, डोळ्यांना त्रास कशाला?

मोबाइल ही वस्तू खेळण्याच्या दुकानात मिळत नाही, पण सर्वांत जास्त दिलं जाणारं खेळणं तेच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं कार्यालय आपल्या जुईनगरला आहे. त्यांचं मार्गदर्शन साधं आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नाही. परगावच्या आजीशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणं एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षं, दिवसाला फार तर तासभर, तेही मोठ्यांबरोबर.

आता पाठ. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं 2020 चं दप्तर धोरण सांगतं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. त्यात लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो तिथेच संपला. मग चाकांचं, चित्राचं, तीन कप्प्यांचं दप्तर घेऊन काय करायचं? रिकामं असताना ते उचलून पाहा, मग चित्र बघा.

आणि डोकं. पाम बीच रोडवर रोज दिसतं: बाबांनी हेल्मेट घातलेलं, आणि पुढे उभं असलेलं पोर उघड्या डोक्याचं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरच्या आतला वेग हवा, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. वाढदिवसाला काय द्यावं सुचत नसेल, तर मापाचं हेल्मेट द्या. तेवढं वापरलं जाणारं खेळणं दुसरं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई नुसती भीती घालतायत. मग मुलांना द्यायचं तरी काय? त्यासाठी दोन उदाहरणं, दोन्ही आपल्या आसपासची.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि 1957 मध्ये त्या अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरी पद्धतीचं साहित्य महाग, आणि समोर वारल्यांची मुलं. मग त्यांनी शिंपले, बिया, पानं, गोटे हेच साहित्य केलं. मोजायला बिया, प्रतवारीला पानं. साहित्य स्वस्त होतं, पण त्यामागे एक बाई डोळे उघडे ठेवून बसलेली होती. विज्ञानप्रसारक अरविंद गुप्तांनी पुढे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती शिकवली. तीच काडी आणि तीच नळी आठ वर्षांच्या मुलाला भूमिती देते, आणि वर्षाच्या बाळाला गुदमरवू शकते. वस्तू चांगली की वाईट हे वस्तूत नसतं, कुणाच्या हातात आहे यात असतं.

दुसरं उदाहरण या शहराचंच. 1965 च्या सुमारास खाडीपलीकडे नवं शहर वसवा असं सुचवणाऱ्या तिघांपैकी एक वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचं वेड होतं, आणि रुळांचे आराखडे ते कागदावर काढत बसत, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. पुढे त्यांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज उभं केलं, तिथे सात सात घरांच्या मध्ये एक छोटं अंगण ठेवलं. साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. खिडकीतून आईची हाक पोचेल एवढं. माझ्या लेखी ते अंगण हे या शहरातलं सर्वांत चांगलं खेळणं आहे, कारण त्याच्यावर वय लिहावं लागत नाही.

पण आपण बहुतेक जण राहतो वन बीएचकेमध्ये. तिथे पाच वर्षांची ताई आणि दहा महिन्यांचा दादू एकाच चटईवर असतात. ताईला आलेली ठोकळ्यांची भेट संध्याकाळी दादूच्या तोंडात असते. म्हणून कुणाच्या वाढदिवसाला जाताना "केवढी झाली हो?" एवढं विचारून थांबू नका. पुढे विचारा, "घरात आणखी लहान कोण आहे?" ताईचे ठोकळे जरूर द्या, पण बरोबर झाकण घट्ट बसणारा एक डबा द्या, आणि ताईला सांगा की हे खेळायचं टेबलावर, खाली नाही. तिला ती जबाबदारी आवडते. बालवाडीत मी पाहिलं आहे, लहान्यावर लक्ष ठेवायला सांगितलं की मोठं मूल एका दिवसात मोठं होतं.

माझ्या पर्समध्ये टिश्यूच्या रोलची एक नळी आहे. कार्यक्रम संपल्यावर ती इथे टेबलावर ठेवते. ज्यांच्या नातवंडांच्या हातात आत्ता काही असेल, त्यांनी ते घालून बघावं, आणि मग चहाला जावं.