मोजणीच्या आदली रात्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पक्षिगणना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बीण, वही आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं येतात. ही माणसं आदल्या रात्री झोपली कुठे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मला तो विचारावा लागतो. गोंदिया जिल्ह्यात दर उन्हाळ्याच्या शेवटी सारस पक्ष्यांची गणना होते. तिच्यासाठी येणाऱ्या स्वयंसेवकांच्या मुक्कामाची सोय पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे.

आधी सारसाविषयी थोडं. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा जगातला सर्वांत उंच पक्षी. पूर्ण वाढलेला नर माणसाच्या उंचीचा भरतो. राखाडी अंग, लाल डोकं आणि लाल मान. जोडीनं राहतो आणि जोडीनंच साद घालतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडाऱ्यात थोडाफार उरला आहे. गेल्या काही वर्षांत गोंदियातली त्याची संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं या पक्ष्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या स्थापन झाल्या. गोंदियातली 'सेवा' ही संस्था, वन विभाग आणि गावोगावचे पक्षिमित्र अनेक वर्षे ही गणना करत आले आहेत. वैनगंगेपलीकडे बालाघाट जिल्ह्यातही ती होते.

आता मुक्कामाचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. सारस रात्री तळ्याच्या उथळ पाण्यात उभा राहून विसावतो. उजाडलं की जोड्या चरायला शेतांमध्ये पांगतात. मोजायचे तर ते पांगण्यापूर्वी. शिवाय एकच पक्षी दोन ठिकाणी मोजला जाऊ नये म्हणून सगळ्या तळ्यांवर एकाच वेळी माणसं हवीत. जूनमध्ये आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे पाचच्या आत माणूस तळ्याच्या पाळीवर बसलेला पाहिजे. गोंदिया शहरातल्या लॉजमध्ये उतरून, चहा घेऊन, गाडी शोधून हे जमत नाही. गावातच रात्र काढावी लागते. आणि जूनच का? तर तेव्हा बोड्या आणि लहान तळी आटलेली असतात. उरलेल्या पाण्याजवळ पक्षी एकवटतात. पावसाला सुरुवात झाली, की जोड्या घरट्यासाठी जागा शोधत दूर जातात.

स्वयंसेवक येतात नागपूरहून, पुण्या-मुंबईहून. विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस या दोन्ही गाड्या गोंदियालाच संपतात, त्यामुळे इथवर येणं सोपं. पुढचं अवघड. लग्नसराई असली तर स्टेशनजवळच्या लॉज वऱ्हाड्यांनी भरलेल्या. एक सोय मात्र आपल्या बाजूनं असते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली मिळू शकते. सरपंच आणि मुख्याध्यापक यांना आधी भेटलं की किल्ली मिळते.

पण शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून माणसं झोपवायला माझं मन घेत नाही. पावसाच्या तोंडावर मण्यार बाहेर पडतो. तो रात्री हिंडणारा साप, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा दंश झाला तर कित्येकदा कळतही नाही. म्हणून माझा नियम असा की प्रत्येकाला खाट हवी, मच्छरदाणी हवी आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात. रात्री उठायचं तर टॉर्च लावून, पायात चप्पल घालून. शाळेत खाटा नसतात. खाटा असतात घरांमध्ये. त्यामुळे मी घरं शोधू लागलो.

आपल्या झाडीपट्टीला ही गोष्ट नवी नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, तेव्हा घराघरात पाहुणे असतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात. कुणाच्या सपरीत चार, कुणाच्या अंगणात सहा. हिशोब कुणी ठेवत नाही. मी गावात गेलो की एवढंच म्हणतो, ‘‘मंडईचे पाहुणे समजा, फक्त या वेळी नाटक पहाटे आहे.’’ लोक हसतात आणि खाट मिळते.

तरी काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. घरचे लोक पैसे घेत नाहीत. पण धान पेरायच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते, हे विसरून चालणार नाही. म्हणून तूरडाळ, तेल, चहा, साखर असा शिधा आदल्या दिवशीच पोचवतो. तांदूळ नेत नाही. धानाच्या जिल्ह्यात तांदूळ घेऊन पाहुणा जाणं म्हणजे यजमानाचा अपमान. मुली किंवा बाया स्वयंसेवक असतील तर ज्या घरात बाई कर्ती आहे, असंच घर निवडतो, आणि न्हाणीघर व संडास आहे का, ते स्वतः पाहून येतो. शहरातल्या मंडळींनाही सांगून ठेवतो, की भात, वरण आणि जवसाची चटणी मिळेल. ताटात टाकू नका. यजमानांचा धर्म-जात विचारू नका आणि त्यांनी तुमची विचारली तर रागावू नका.

जगात इतरत्रही स्वयंसेवकांवर मोठमोठी कामं चालतात. आपल्या गोंदियाहून एकेकाळी नैनपूर-जबलपूरकडे अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे धावत असे. बालाघाट-जबलपूर भागातली तिची शेवटची गाडी 2015 साली थांबली आणि आता तिथे मोठे रूळ आहेत. तिच्यासारख्याच एका छोट्या रेल्वेची गोष्ट ब्रिटनमधल्या वेल्समध्ये वेगळी घडली. तिथली टॅलिलिन रेल्वे बंद पडायच्या बेतात असताना 1951 पासून हौशी लोकांनी ती स्वतः चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली ती जगातली पहिली जतन-रेल्वे. वेल्समधल्याच फेस्टिनिऑग रेल्वेनं तर स्वयंसेवकांसाठी वेगळं वसतिगृहच ठेवलं आहे. सुटीच्या दिवशी रूळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्यांनी कामाचाच भाग मानलं.

मग आपणही एखादं वसतिगृह बांधावं का? मला अनेकांनी तसं सुचवलं. माझं मत वेगळं आहे. रेल्वेचे रूळ रेल्वेच्या मालकीचे असतात. ते जपायला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. सारस राहतो दुसऱ्याच्या बांधीत. धानाच्या उभ्या पिकात तो काड्या-गवताचा मोठा ढीग रचून घरटं करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. तेवढ्या जागेतलं पीक आडवं होतं. घरटं ठेवायचं की मोडायचं, फवारणी त्या कोपऱ्यापुरती थांबवायची की नाही, हे त्या शेतकऱ्याच्या हातात आहे. तेव्हा स्वयंसेवकाची रात्र त्याच शेतकऱ्याच्या घरी गेली पाहिजे.

वैनगंगेकाठच्या एका गावात आम्ही तिघांना एका घरी ठेवलं होतं. घरच्या काकाजींना सारसाचं फारसं कौतुक नव्हतं. ‘‘तुम्ही एक दिवस मोजून जाता, आमच्या बांधीत तो वर्षभर दिसते,’’ असं ते म्हणाले. पण जेवणं झाल्यावर तेच बोलत बसले. मागच्या साली जोडी कोणत्या बांधीत उतरली, पिल्लू कधी दिसेनासं झालं, तळ्यावरून जाणारी विजेची तार किती खाली लोंबते, हे सगळं त्यांनी सांगितलं. विजेच्या तारांना लागून सारस मरतात. ती तार कुठल्याही तक्त्यात नव्हती. आमच्या पोरांनी वहीत लिहून घेतली. पहाटे काकाजी स्वतःच कंदील घेऊन पाळीपर्यंत सोबत आले.

त्याच पावसाळ्यात त्यांचा फोन आला. त्यांच्या बांधीत घरटं झालं होतं. ‘‘तेवढ्या कोपऱ्यात निंदण नाही केलं, औषधही नाही मारलं. पोरायलाही तिकडे जाऊ देत नाही. तुमच्या पाहुण्यायला सांगा,’’ म्हणाले. त्यांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. त्यांच्या घरी तीन माणसं एक रात्र राहिली होती, एवढंच. आणि दुसऱ्या वर्षी शेजारच्या घरातल्या बाईंनी मला रस्त्यात अडवून विचारलं, ‘‘पाहुणे आमच्या घरी काहून नाही ठेवले, भाऊ?’’

प्रत्येक घरी असंच घडतं, असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी नुसतं जेवण आणि झोप होते, आणि तेही चालतं. पण सारसाचं पुढचं वर्ष समितीच्या बैठकीत जितकं ठरतं, तितकंच ते बांधाच्या मालकाच्या मनात ठरतं. गणनेचा आकडा पहाटे मिळतो. त्या आकड्यामागची हकीकत आदल्या रात्री, ओसरीवरच्या गप्पांत मिळते.

श्रोत्यांपैकी कुणाला गणनेला यायचं असेल तर जरूर यावं. सोबत चादर, टॉर्च, पाण्याची बाटली आणि थोडी ऐकून घेण्याची सवय आणावी. घरट्याची जागा कुणाला सांगू नये, तिचे फोटो गावाच्या नावानिशी पसरवू नयेत. आणि परसवाडा, झिलमिलीसारख्या तळ्यांच्या काठी जे राहतात, त्यांना एकच विनंती. जूनमध्ये एखादी खाट रिकामी ठेवा.