ऑस्टिन गावातील सुई

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचे सुमारे ४,००० वस्तीचे गाव आहे. तेथे ऑक्सिमॉर्फोन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या, ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळू नयेत, त्या चुरून हुंगण्याचे व्यसन अनेकांना जडले होते. २०१२ साली दुरुपयोग टळावा म्हणून ती गोळी सहजी चुरता येऊ नये अशी घडविण्यात आली, तेव्हा व्यसन सुटले नाहीच, उलट हुंगणारे तीच गोळी विरघळवून शिरेत टोचून घेऊ लागले. आणि नव्या सुया वाटण्यास कायद्याने मज्जाव असल्यामुळे एकच सुई घरातल्या, शेजारच्या कित्येकांच्या हातांतून फिरली. २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत १८१ जणांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आढळले. त्यांतील दहांपैकी नऊ जणांस हिपॅटायटिस सीही होता. मार्चमध्येच गव्हर्नर माइक पेन्स यांनी आरोग्यविषयक आणीबाणी पुकारून वापरलेल्या सुया देऊन नव्या घेण्यास तात्पुरती मुभा दिली होती, आणि पुढे विधिमंडळाने तसा कायदाही केला. अशा गोळ्यांच्या चिठ्ठ्यांवर निर्बंध हवेतच, यात मला संदेह नाही. परंतु गोळी हुंगणे अडविताना उपचाराचे दार बंद ठेवणे हा, माझ्या मते, त्या रुग्णांवर उघड अन्याय होता. आणि ती नव्या घडणीची गोळी बाजारातून मागे घेण्याचा निर्णय झाला तोही २०१७ साली.