पडद्यावरची पोरे आणि विकलेली गिरणी

(वळसंग येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



महेश मांजरेकरांचा ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा चित्रपट १४ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. गदारोळ त्याआधीच, नुसत्या झलकेवरून उठला होता. राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण खात्याला पत्र लिहिले. पुढे फेब्रुवारीत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदला गेला. आपल्यापैकी अनेकांनी आविष्कारस्वातंत्र्याचा उच्चार करून विषय मिटवला. मला तो इतक्या स्वस्तात मिटवता येत नाही.

त्या आक्षेपांत दोन गोष्टींची गल्लत होती. कथेतील पात्र अल्पवयीन असणे निराळे आणि लैंगिक दृश्यात खऱ्याखुऱ्या अल्पवयीन मुलाला उभे करणे निराळे. दुसऱ्या बाबतीत २०१२ चा बालसंरक्षण कायदा जाब विचारतो, तो रास्तच आहे. चित्रीकरणाच्या जागी राबणारे मूल हाही कामगारच. कलेचे नाव घेतल्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’त (१९८८) रस्त्यावरच्या मुलांनीच कामे केली, पण त्यातूनच त्या मुलांसाठी ‘सलाम बालक’ न्यासही उभा राहिला. पहिल्या बाबतीत मात्र ‘असले दाखवूच नका’ हा आग्रह सभ्यतेचा नसून सोयीचा होता. तो धरणाऱ्यांनी, ही पोरे आली कोठून, असे एकदाही विचारले नाही.

मूळ कथा जयंत पवारांची. संपाने मोडलेले घर त्यांनी ‘अधांतर’ नाटकात आधीच उभे केले होते. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरवली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गिरणगावच्या पोरांच्या पायाखालची जमीन अशी कागदावर सरकली.

चित्रपटावर माझा आक्षेप आहे तो येथे. त्याने रक्त फार जवळून दाखवले, हा कागद मात्र दाखवला नाही. कारणावाचून दाखवलेली हिंसा प्रेक्षकाला हादरवते आणि लगेच मोकळेही करते. ‘ही वस्तीच तसली’ असे म्हणत तो घरी जातो. वास्तववाद म्हणून मिरवणाऱ्याने एवढी सवलत देऊ नये.

अक्कलकोट रस्त्याने येथून सोलापूर फार दूर नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. एकेक भोंगा बंद झाला. पुरुष यंत्रमागावर गेले, बायका विड्या वळत राहिल्या. तेथल्या नातवंडांवर अजून कोणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही. काढला तर पहिली आरोळी कोण ठोकेल, हे मात्र आताच सांगता येईल.

माझी सूचना साधी आहे. हा चित्रपट प्रौढांसाठीचा. तेव्हा शाखांनी तो पालकांना आणि शिक्षकांना दाखवावा, आणि त्यानंतर बोलायला समीक्षकाऐवजी बंद गिरणीतला एखादा जुना साचेवाला बोलवावा.