दहा वेळा नऊ

रायपूरहून बोलतोय.

आज एका कादंबरीची गोष्ट सांगणार आहे. लेखक जॉन ब्रनर, इंग्रज माणूस. कादंबरी 'द शॉकवेव्ह रायडर', साल १९७५. ते साल आठवून पाहा. घरी फोन हवा तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून पुन्हा थांबायचं.

ही कादंबरी माझ्या हाती कशी आली, ते आधी सांगतो. मी फौजेत सिग्नल्सचा. १९८८ च्या हिवाळ्यात महूला कोर्सला होतो. नोव्हेंबरात बातमी आली की अमेरिकेत एका विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम आपणच आपल्या प्रती काढत नेटवर्कभर पसरला आणि सुमारे सहा हजार संगणक आडवे झाले. तो विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस. प्रोग्रामच्या त्या जातीला म्हणायचे 'वर्म', म्हणजे कृमी. आमचे एक इन्स्ट्रक्टर म्हणाले, "शब्द कुठून आला माहीत आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं पिवळी पडलेली ही कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली.

गोष्ट अशी. एकविसाव्या शतकातली अमेरिका. सगळा देश एका संगणकजाळ्यात बांधलेला. माणसाचं शिक्षण, कर्ज, आजार, गुन्हे, सगळं त्या जाळ्यात. नायक निक हुशार मुलांच्या एका सरकारी शाळेतून पळालेला. फोनवरून आकडे दाबून तो जाळ्यातली आपली नोंदच बदलतो आणि नवा माणूस होतो. कधी धर्मोपदेशक, कधी कंपनीचा सल्लागार. शेवटी तो एक कृमी सोडतो. जाळं बंद पाडायला नाही. सरकारने आणि कंपन्यांनी दडवलेली माहिती सगळ्यांपुढे उघडी करायला.

ब्रनर संगणकतज्ज्ञ नव्हता. १९७० साली अॅल्विन टॉफ्लरचं 'फ्यूचर शॉक' आलं होतं. बदलाचा वेग माणसाला झेपेनासा झाला की माणूसच आजारी पडतो, हा त्यातला मुद्दा. कादंबरीचं नावही तिथूनच सुचलेलं. पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात शॉक आणि हप या दोघांनी रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांवर आपोआप पसरणारे प्रोग्राम चालवले. १९८२ साली त्यावर लेख लिहिला आणि 'वर्म' हा शब्द ब्रनरकडून घेतला. एकदा असा प्रोग्राम रात्री चालू ठेवून ते घरी गेले आणि सकाळी येऊन पाहतात तर संगणक मरून पडलेले.

आता कोणी म्हणेल, भविष्य बरोबर सांगितलं म्हणून लेखक मोठा. मला तसं वाटत नाही. यंत्रांच्या बाबतीत हे लोक सर्रास चुकतात. ब्रनरचा नायक देशाचं जाळं हलवतो, पण त्यासाठी बिचाऱ्याला फोन शोधावा लागतो. खिशातला मोबाइल त्याला दिसलाच नाही. मरे लिन्स्टरची १९४६ ची एक कथा आहे, 'अ लॉजिक नेम्ड जो'. घरोघरी पडदा आणि कळफलक असलेलं यंत्र, सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली. त्यातलं एक कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देऊ लागतं. बायकोचा काटा कसा काढू, याचंही. आज हे ऐकून अंगावर काटा येतो. यंत्र कसं असेल हे त्याने ढोबळच सांगितलं आहे, पण असं यंत्र हाती आल्यावर माणूस काय विचारेल, ते त्याला नेमकं कळलं होतं.

आपल्याकडे नारळीकरांच्या 'वामन परत न आला'त हीच जाण आहे. आपल्यासारखेच यंत्रमानव घडवू पाहणारा यंत्रमानव, आणि कष्ट यंत्रांवर सोपवून स्वतःचं काय होईल याचा विचार न करणारी माणसं. जाता जाता सांगतो, नारळीकरांनी पहिली कथा, 'कृष्णविवर', मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून. पहिला नंबर आलाच. ओळख बदलायला त्यांना फोनचे आकडे दाबावे लागले नाहीत.

पण ब्रनरचं माझ्या मनात घर करून राहिलेलं कल्पित वेगळंच आहे. कादंबरीत एक लहान गाव आहे आणि तिथून चालणारी एक फोनसेवा. नाव 'हिअरिंग एड'. नंबर दहा वेळा नऊ. कोणीही फोन करावा, हवं ते बोलावं, रडावं, शिव्या द्याव्यात. पलीकडचा माणूस फक्त ऐकतो. सल्ला नाही, नोंद नाही. सरकारला ती लाइन चोरून ऐकता येत नाही, आणि सरकारला तेच खुपतं. महूला वाचताना हा भाग मला भाबडा वाटला होता. सिग्नल्सचा माणूस मी, संदेश पोचला की काम संपलं असं शिकलेला.

मग निवृत्तीनंतर रायपूरला आलो आणि कळलं की याच राज्यात असं काहीतरी खरोखर चाललंय. 'सीजीनेट स्वर'. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली सुरू केलेलं. बस्तरच्या जंगलपट्ट्यात लाखो लोक गोंडी बोलतात, पण त्यांच्या भाषेत वर्तमानपत्र, बातम्या जवळजवळ नव्हत्याच. तेव्हा साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, संगणक उलट फोन करतो, मग आपलं म्हणणं आपल्या भाषेत बोलायचं. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, रेशन आलं नाही. नाहीतर सरळ एखादं गाणं. संपादक तपासतात, आणि मग ते कोणालाही फोनवर ऐकता येतं. निरोपात संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही असतो. ऐकणारे दुसऱ्या टोकाहून त्या साहेबाला फोन लावतात. पुढे जिथे नेटवर्क नाही तिथे ब्लूटूथने फाइल एका मोबाइलमधून दुसऱ्यात द्यायची रीत निघाली. तिचं नाव 'बुल्टू रेडिओ'. हा शब्द ब्रनरलाही सुचला नसता!

ब्रनरच्या लाइनवर एकच माणूस ऐकतो, इथे सगळे ऐकतात. फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे जाळ्याचा उपयोग माणसावर नजर ठेवायला नाही, त्याचं ऐकायला केलेला आहे.

आता एक घरची गोष्ट. माझ्या युनिटातले एक सुभेदार निवृत्त होऊन दुर्गला राहतात. गेल्या वर्षी त्यांना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दी, मागे ठाण्याचा देखावा. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही." त्यालाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात, कायद्यात असलं काही नाही. सीमेवर गोळीबारात लाइन जोडणारा हा माणूस दोन दिवस स्वतःच्या खोलीत कैद राहिला आणि निवृत्तीचे बरेचसे पैसे देऊन बसला.

मला कळलं आठ महिन्यांनी. तेही एका लग्नात, त्यांच्या मुलाकडून. मी फोन केला. चिडलो होतो. "सुभेदारसाहेब, १९३० वर लगेच फोन का नाही केलात? मला का नाही?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही आधी हेच विचारलं असतं ना, की मी फसलो कसा?"

मी तेच विचारणार होतो. तोंडाशी आलेलं गिळलं आणि म्हटलं, "बरं, पहिल्यापासून सांगा." पाऊण तास ते बोलत होते. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत हे मला जमलं नव्हतं.

हल्ली रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. पैसे परत आलेले नाहीत. तक्रार नोंदवली आहे, पुढची तारीख कळलेली नाही. परवा मात्र त्यांनी नातवाच्या शाळेबद्दलच सांगितलं, आणि गुडघ्याबद्दल.