आधी पाऊल, मग बुद्धी



बुद्धी वाढली म्हणून मानव दोन पायांवर उभा राहिला, असा समज पुष्कळ वर्गांतून आढळतो. पुरावा याच्या उलट आहे. टांझानियातील लेटोली येथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या पथकास ज्वालामुखीच्या राखेत उमटून घट्ट झालेली, सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वीची पावले आढळली. टाच स्पष्ट रुतलेली. अंगठा वानराप्रमाणे फाकलेला नसून बोटांच्या रांगेत. ही पावले ज्या लुप्त मानवसदृश जातीची मानली जातात, तिचा मेंदू आपल्या मेंदूच्या सुमारे एक-तृतीयांशच होता. म्हणजे चाल आधी, बुद्धीची वाढ मागाहून.

मुलांना ओल्या मातीवरून अनवाणी चालावयास सांगावे. टाच व अंगठा कोठे रुततात, हे त्यांनी स्वतः पाहिले की पाठ कायमचा ठसेल.