भेदरलेल्या मांजरीचा विश्वास

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मांजरीवर बोलतो. काही जण हसले. हसू द्या. मी सातवी शिकलेला, अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलमध्ये राबणारा माणूस. जे वाचले ते रात्री वाचले आणि जे पाहिले ते गोदामात पाहिले. त्यातलेच आज सांगतो.

आपल्या वस्तीत मांजर नकोसे झाले की काय करतात? पोत्यात घालतात, मोटारसायकलवर टाकतात आणि मोर्णा नदीच्या पलीकडे सोडून येतात. तिकडे अमरावती-बडनेऱ्याकडेही हीच रीत. वर म्हणतात, "आम्ही काही मारलं नाही ना!" उपाशी-तहानलेले राहील अशा ठिकाणी जनावर टाकून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे यांना कोण सांगणार? आणि आडवी गेली म्हणून दगड मारणारी माणसे तर पदवीधरांतही सापडतात. तिला उंदीर दिसला, ती गेली. तुमच्या कामाशी तिचे काय देणे-घेणे? अशा मांजरीला माणूस दिसला की पोते आणि दगडच आठवणार. मग आपणच म्हणतो, लय भित्री हाय बुवा.

आमच्या गोदामात अशीच एक करडी मांजरी आली. कोणीतरी आणून टाकलेली, एक कान फाटलेला. तुरीच्या कट्ट्यांच्या थप्पीमागे दडायची. दिवसा फक्त दोन डोळे दिसत. चाळणीचे मशीन सुरू झाले की अंग चोरून भिंतीला चिकटायची. उंदीर भरपूर, म्हणून उपाशी नव्हती. पण मुकादमाच्या डोक्यात उंदरांचे औषध टाकायचे होते. औषध खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर तीही मरू शकते. आम्ही चार-पाच कामगार मुनीमजीकडे गेलो, म्हटले, औषध टाकू नका, या मांजरीची लस आणि नसबंदी आम्ही करून आणतो. मुनीमजी म्हणाले, "अगोदर पकडून तर दाखवा." आता आली का पंचाईत! औषधाची घाई तिकडे, आणि इकडे तर घाईने काहीच होत नाही.

एक हमाल वाटीभर दूध घेऊन थप्पीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या मागे फिरला. "थे येतच नाही ना भाऊ," म्हणे. मी म्हटलं, "तू तिच्या मांगं धावून रायला, थे काहून येईन?" आणि दूधही कामाचे नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब लागतात. दुधाची वाटी चित्रात शोभते.

मग आम्ही एक शिस्त ठरवली. रोज जेवणाच्या सुट्टीत, एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसाने खाणे ठेवायचे. कधी उकडलेले अंडे, कधी बिनमिठाचा शिजवलेला मासा. ते काम माझ्याकडे आले. पहिले काही दिवस ताटली ठेवून मी निघून जायचो. मग दहा-बारा फुटांवर बसायला लागलो, तोंड तिच्याकडे नाही, आडवे करून. डबा उघडायचा, आपले जेवायचे. हाक नाही, चुकचुक नाही. टक लावून पाहणे म्हणजे मांजरीच्या भाषेत मारायला येणे. 2020 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर प्रयोग केले. माणसाने डोळे बारीक करून हळूहळू मिटले-उघडले, की मांजरी अनोळखी माणसाच्याही हाताकडे जास्त वेळा येतात, असे त्यांना दिसले. आमची मावशी हे पोतं शिवता शिवता कधीपासून करत होती, तिला कोणी विद्यापीठात बोलावले नाही, तो भाग वेगळा.

ताटली मी रोज वीतभरच सरकवायचो. तिसऱ्या आठवड्यात मी बसलेला असताना ती जेवली. माझा जुना दुपट्टा तिथे टाकून ठेवला होता, त्यावर ती झोपायला लागली. म्हणजे माझा वास तिने घरात घेतला. पुढे एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरले आणि थांबलो. वास घेऊन ती मागे गेली. मी बोट पुढे नेले नाही. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिनेच गाल घासला. गालाला, हनुवटीला हात लावावा. वरून डोक्यावर हात आणू नये, पोटाला तर नाहीच. वरून येते ती घार, असे तिचे गणित असावे.

मग दिवाळी आली, फाटकासमोर फटाक्यांची लड फुटली, आणि मांजरी आठ दिवस गायब. आली तेव्हा पुन्हा दहा फुटांवर. काही जण म्हणाले, एवढे खाऊ घातले, वाया गेले. वाया गेले नव्हते. या खेपेला चारच दिवस लागले.

तिला हाताने पकडायचे नाही हे ठरलेलेच होते. झाकणाची टोपली उघडी ठेवून खाणे तिच्यात ठेवू लागलो. ती स्वतः आत जायला, बसायला लागली. एक दिवस झाकण हळूच लावले, वर दुपट्टा टाकला, आणि अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्थेत नेली. लस झाली, नसबंदी झाली. मुनीमजींनी औषधाचा विषय बंद केला.

साऱ्याच मांजरी इतक्या जवळ येतील असे नाही. दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्या पिलांना माणसाचा चांगला हात लागतो ती लवकर माणसाळतात. ते वय निघून गेले की काम लांबते, कधी अर्धेच होते. तसे पाहिले तर मांजर आपल्याकडे धान्यामुळेच आले. धान्यावर उंदीर, उंदरांवर मांजर. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजरही पुरलेले सापडले, ते 2004 साली जगापुढे आले. म्हणजे गोदाम आणि मांजर हे नाते आमच्या मिलपेक्षा बरेच जुने.

पण पोट्टेहो, तूर सोंगताना शेतात रानमांजराची पिले दिसली तर त्यांना माणसाळवायला घरी आणू नका. त्यांची माय जवळपास असते, आपण हटलो की ती घेऊन जाते. ते 1972 च्या कायद्याने संरक्षित जनावर आहे. अडचण वाटली तर वन विभागाच्या 1926 नंबरवर फोन करा. आणि कोणतेही मांजर चावले, ओरबाडले, तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

आमची करडी अजून गोदामातच आहे. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की पाण्याच्या टाकीखालच्या ओल्या बारदान्यावर पडून राहते. मला आणि मावशीला हात लावू देते. मुकादम आला की अजूनही थप्पीमागे जाते. तोही आता रोज थोडा मासा आणतो, ताटली ठेवतो आणि लांब उभा राहतो.

जयभीम.